ओबीडी डोंगल लावलं, फोनवर आकडे दिसले... पुढे काय?

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडीच्या ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीची स्वतःची दोष-तपासणी) सॉकेटात लावायचं ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं ॲप, यावर इथे अधूनमधून सुटे प्रश्न येतात. कुणी 'कोणतं घेऊ' विचारतं, कुणी 'पिवळा दिवा लागलाय, हा कोड (गाडीने नोंदवलेल्या दोषाचा क्रमांक) काय आहे' विचारतं. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय.

नवीन लोकांसाठी आधी थोडं. बीएस-४ (भारत स्टेज ४ या प्रदूषण-नियमाच्या) गाड्यांना आपल्याकडे १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं (अमेरिकेत ते १९९६ च्या मॉडेलपासूनच आहे). त्यामुळे तुमची गाडी त्यानंतरची असेल तर स्टिअरिंगच्या खाली, बहुतेक वेळा बोनेट उघडायच्या खटक्याच्या आसपास, १६ पिनांचं सॉकेट सापडेल. काही गाड्यांत ते फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे असतं. गुडघ्यावर बसून, फोनची बॅटरी लावून बघा.

एक गैरसमज आधीच दूर करतो. डोंगलमध्ये इंजिनाचं काही मोजणारा स्वतःचा असा सेन्सर नसतो. सेन्सर गाडीतच आहेत आणि त्यांचे आकडे ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) मिळतच असतात. डोंगल फक्त ईसीयूला प्रश्न विचारतं आणि आलेलं उत्तर फोनला देतं. उदाहरणार्थ '०१ ०५' पाठवलं की कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान मागितलं असा अर्थ. उत्तर येतं '४१ ०५ ७बी'. त्यातला ७बी हा सोळाच्या पायावरचा आकडा, म्हणजे आपले १२३. त्यातून ४० वजा करायचे, ८३ अंश सेल्सियस. ॲपमध्ये तबकडी कितीही सुंदर दिसो, आत एवढंच चाललेलं असतं.

आता मी हे का लावतो ते सांगतो. माझ्या गाडीत तापमानाचा काटाच नाही. इंजिन थंड असलं की निळा दिवा, जास्त तापलं की लाल, मधलं काही कळायची सोय नाही. छोट्या गाड्यांत हे सर्रास आहे. ज्यांच्याकडे काटा आहे त्यांनाही सांगतो, बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. आत दहा-पंधरा अंशांचा फरक पडला तरी तो मधोमधच राहतो, लोक घाबरू नयेत म्हणून.

माझं रत्नागिरी-कोल्हापूर येणंजाणं असतं. सपाटीला कूलंट ८८-९० वर राहतं, घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये ९६ ला गेलं की रेडिएटरचा पंखा लागतो आणि पुन्हा ९० पर्यंत उतरतं. हे इतक्या वेळा पाहिलंय की तोंडपाठ झालंय. पावसाळ्याआधी साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि रस्त्याच्या कामामुळे रांगेत अडकलो. ९६ झालं, पंख्याचा आवाज नाही. ९७. ९९. एसी चालू होता, तरी पंखा नाही. १०१ ला एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर चारवर टाकला (हीटर म्हणजे इंजिनसाठी दुसरा छोटा रेडिएटरच असतो), आणि जागा मिळताच गाडी कडेला घेऊन बंद केली. तोवर १०४ ला लावलेला अलार्म वाजला होता. लाल दिवा शेवटपर्यंत लागला नाही. कोल्हापूरच्या मेस्त्रींनी पाहिलं तर फ्यूज ठीक, रिले ठीक, पंख्याच्या मोटरला जाणाऱ्या कनेक्टरचं प्लास्टिक वितळून काळं झालेलं. काम किरकोळ निघालं. हेड गॅस्केट गेलं असतं तर इंजिन उघडावं लागलं असतं.

माझा मुद्दा असा: १०१ हा आकडा एरवी काही भयंकर नाही, कित्येक गाड्या १०० ला आरामात चालतात. पण *माझी* गाडी ९६ ला पंखा लावते हे मला माहीत होतं, म्हणून तो आकडा बोलला. तेव्हा डोंगल घेणाऱ्यांनी पहिल्या महिन्यात कोड शोधू नयेत. गाडी धडधाकट असताना तिचे आकडे टिपून ठेवावेत: सकाळी चालू करण्याआधीचा व्होल्टेज, गरम झाल्यावरचा आयडल आरपीएम, कूलंट, इनटेक हवेचं तापमान, दोन्ही फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या हिशेबात टक्क्याने करतो ती दुरुस्ती). बिघाडाच्या दिवशी तुलना करायला तेवढंच हाताशी असतं.

तुमचे अनुभव लिहा.

---

मेघना_एन

छान धागा, वाचनखूण साठवली. मला अगदी प्राथमिक प्रश्न आहे. माझ्याकडे आयफोन आहे. भावाचं डोंगल आणून लावलं, त्याचे दिवे लागतात पण फोनच्या ब्लूटूथच्या यादीत ते दिसतच नाही. त्याच्या अँड्रॉइडला लगेच सापडतं. डोंगल बिघडलंय का?

---

घाटवाट

मेघनाताई, डोंगल ठीक असणार. स्वस्त डोंगल जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतात आणि आयफोन त्या प्रकारची जोडणी मान्य करत नाही. आयफोनला ब्लूटूथ ४.० म्हणजे 'लो एनर्जी'वालं तरी लागतं, नाहीतर वायफायवालं. लो एनर्जीवालं असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पेअर करू नका, थेट ॲपमधून जोडा. वायफायवाल्यात फोन डोंगलच्या नेटवर्कला जोडावा लागतो, पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असतो. त्या वेळात नकाशा आणि गाण्यांचं इंटरनेट गडबडतं, म्हणून मी तरी ब्लूटूथच सुचवेन.

ॲप म्हणाल तर अँड्रॉइडवर टॉर्क जुनं आणि भरवशाचं, दोन्हीकडे चालणारं कार स्कॅनर. आयफोनवर ओबीडी फ्यूजनही चांगलं आहे.

---

पॅकेट_पाहणारा

डोंगल निवडताना एक इतिहास माहीत असावा. हे सगळे 'ईएलएम ३२७' नावाने विकले जातात. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. त्यांच्या १.० आवृत्तीत कॉपी होऊ नये म्हणून जे संरक्षण लागतं ते चालूच केलेलं नव्हतं, त्यामुळे तो प्रोग्राम उचलून जगभर नकला झाल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. आज बाजारात जे काही शे रुपयांना मिळतं ते नकलेची नक्कल असतं, आणि डबीवर लिहिलेल्या आवृत्तीला अर्थ नाही. '२.१' लिहिलेल्या कित्येक डोंगलमध्ये मूळ आज्ञांपैकी निम्म्या गायब असतात. जुन्या के-लाइन (ईसीयूशी बोलायची जुनी, हळू पद्धत) गाड्यांशी ते बोलूच शकत नाहीत, किंवा लांबलचक उत्तर आलं की अर्ध्यात तोडतात. मग आपल्याला वाटतं गाडीच माहिती देत नाही.

थोडे पैसे जास्त घालून ज्याचे निर्माते स्वतःचं नाव लावतात आणि फर्मवेअर अपडेट देतात असं घ्या. ते परवडत नसेल तर निदान परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या आणि पहिल्याच दिवशी सगळं तपासा.

---

गॅरेज_मिरज

माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. फोनवर कोड बघून येणारी गिऱ्हाइकं आता रोज येतात. मला त्याचा राग नाही, उलट काम सोपं होतं. पण नव्वद टक्के लोक कोड घेऊन येत नाहीत, *पार्टचं नाव* घेऊन येतात. 'ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून द्या.' कोणी सांगितलं? ॲपने.

ॲपने तसं सांगितलेलं नसतं. पी०१७१ आला तर ॲप म्हणतं 'मिश्रण पातळ'. म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. हे ऑक्सिजन सेन्सरने *पकडलं*. सेन्सरने इमानदारीने तक्रार केली आणि आपण त्यालाच काढून टाकतो. दीड-दोन हजारापासून वर कितीही खर्च होतो आणि दिवा आठ दिवसांत परत लागतो.

घाटवाटदादांनी फ्यूएल ट्रिमचा उल्लेख केला, ते जरा खोलात सांगतो, कारण पेट्रोल गाडीत माझ्या मते याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. ईसीयूकडे एक ठरलेला हिशेब असतो, इतकी हवा आली तर इतकं पेट्रोल सोडायचं. सायलेन्सरकडे बसलेला सेन्सर सांगतो की जळल्यावर काय उरलं. त्यावरून ईसीयू हिशेबात टक्क्याने कमी-जास्त करतो. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, ती सतत हलत राहणार. लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली दुरुस्ती. दोन्हींची बेरीज करायची. शून्याच्या आसपास पाच टक्के इकडेतिकडे, मस्त. दहापर्यंत, लक्ष ठेवा. वीसच्या पुढे गेलं की कोड पडायची वेळ आली.

आणि मुख्य गंमत कुठे आहे सांगतो. एकाच जागी उभं राहून बेरीज बघू नका. आयडलला बघा, मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून २५०० आरपीएमला बघा, मग चढावर लोडमध्ये बघा (शेजारी बसलेल्याला बघायला सांगा, गाडी चालवताना तुम्ही नाही).

आयडलला ट्रिम खूप वर आणि २५०० ला जवळपास नॉर्मल, तर कुठूनतरी चोरटी हवा ओढली जातेय. आयडलला एकूण हवाच कमी असते म्हणून त्या भोकातून येणारी हवा मोठा वाटा खाते. आरपीएम वाढला की तेवढीच हवा किरकोळ ठरते.

उलटं, आयडलला ठीक आणि लोड वाढेल तसा ट्रिम वाढत जातो, तर पेट्रोल पुरत नाही. पंप, फिल्टर, नाहीतर नोझल चोक. मास एअर फ्लो (एमएएफ, आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर मळला असेल तरी असंच दिसतं.

एक महत्त्वाचं. वरचं चोरट्या हवेचं गणित एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीचं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एमएएफ नसतो, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणारा एमएपी असतो. तिथे चोरटी हवा आली तरी दाबात ती मोजली जाते, ईसीयू त्यानुसार पेट्रोल वाढवतो, ट्रिम फारसा हलत नाही. तिथे लक्षण वेगळं: आयडल उगाच चढलेला राहतो. म्हणून कुणाचा व्हिडिओ बघण्याआधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा.

---

जुना_चालक

गॅरेज_मिरज, प्रतिसाद फार आवडला. मी कार्बोरेटरच्या जमान्यातला माणूस, प्लगचा रंग बघून मिश्रण ओळखायचो. तुम्ही सांगितलेलं तेच आहे, फक्त प्लग न काढता.

शंका एकच. नव्या गाडीला वॉरंटी आहे. हे लावलं म्हणून उद्या शोरूमवाले हात वर करतील का?

---

गॅरेज_मिरज

काका, नुसतं वाचण्याने गाडीत काही बदलत नाही. तरी सर्व्हिसिंगला गाडी देताना डोंगल काढून ठेवा. त्यांचा स्कॅनर त्याच सॉकेटात लागतो, आणि वादाला कारण कशाला द्या. ॲपमध्ये काही ठिकाणी 'कोडिंग' नावाने सेटिंग *बदलायची* सोय असते, तिला वॉरंटीतल्या गाडीत हात लावू नका.

आणि कोड पुसू नका! दिवा लागला की आधी कोडचा आणि 'फ्रीझ फ्रेम'चा स्क्रीनशॉट काढा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, इंजिन गार होतं की गरम, लोड किती, हे सगळं त्यात साठवलेलं असतं. पुसलं की ते जातं. दिवा विझवून आलेलं गिऱ्हाईक म्हणजे मला सगळं पहिल्यापासून.

---

सायली_पुणे

पुसण्यावरून आठवलं, सेकंडहँड गाडी बघताना याचा फार उपयोग होतो. आम्ही गेल्या वर्षी एजंटकडे एक हॅचबॅक बघायला गेलो. बाहेरून चकाचक, एकही दिवा नाही, कोड शून्य. ॲपमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' नावाचं एक मूल्य असतं. ते होतं ९ किलोमीटर. आणि रेडिनेस मॉनिटरपैकी (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या की नाही ते हे दाखवतात) कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, ईव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) सगळे 'अपूर्ण'. म्हणजे त्याच सकाळी कुणीतरी सगळं पुसलं होतं. आम्ही विचारलं तर म्हणाले बॅटरी बदलली. बॅटरी काढल्यावरही हे होतं हे मला माहीत होतं, म्हणून मी बॅटरीवरची तारीख बघितली. जुनीच होती. आम्ही नमस्कार करून निघालो.

जिथे सगळे मॉनिटर पूर्ण आणि ते अंतर हजारोंनी, तीच गाडी शेवटी घेतली. जुन्या गाडीत ६५,५३५ दिसलं तर दचकू नका, तो मोजणीचा शेवटचा आकडा आहे, त्यापुढे जात नाही.

---

न्यूजर्सीकर

सायली, +१. इकडे तर हे सरकारी तपासणीतच आहे. इन्स्पेक्शनला गाडी नेली की सॉकेटात केबल जोडतात आणि रेडिनेस बघतात. दिवा विझवण्यासाठी कोड पुसून कुणी थेट तिथे गेलं तर गाडी परत पाठवतात, कारण मॉनिटर पूर्ण व्हायला काही दिवसांचं वेगवेगळ्या प्रकारचं चालवणं लागतं: गार इंजिनने सुरुवात, हायवेवर एकसारखा वेग, मग सिग्नलचं ट्रॅफिक. २००१ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला एकच मॉनिटर अपूर्ण असलेला चालतो. नव्या गाड्यांत 'पर्मनंट कोड' हाही प्रकार आहे, तो कुठल्याच स्कॅनरने पुसता येत नाही. दोष खरोखर गेला अशी ईसीयूची खात्री पटल्यावर तो आपोआप जातो.

इथल्या मराठी मंडळींना माझा सल्ला, तपासणीच्या आदल्या आठवड्यात स्वतःच्या फोनवर मॉनिटर बघून घ्या. फेरी वाचते. भारतात पीयूसीला अजून सायलेन्सरमध्ये नळी घालूनच बघतात ना?

---

घाटवाट

हो, नळीच. म्हणून इकडे दिवा पेटलेला असूनही पीयूसी मिळालेल्या गाड्या दिसतात.

---

डिझेल_सातारा

डिझेलवाल्यांसाठी लिहितो. बीएस-६ डिझेल घेतली असेल तर तुमच्यासाठी हे डोंगल चैन नाही, गरज आहे. सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ (डिझेलच्या धुराचा फिल्टर) असतो, तो काजळी अडवतो आणि साठली की जाळून टाकतो. त्याला रीजनरेशन म्हणतात. तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. त्यासाठी गाडी थोडा वेळ एका लयीत पळायला हवी. ज्यांचं रोजचं चालवणं घर-शाळा-बाजार एवढंच, त्यांची काजळी जळतच नाही.

गाडी तुम्हाला सांगत नाही की आता रीजन चालू आहे. दिवा लागतो तो पाणी डोक्यावरून गेल्यावर. माझ्या ॲपमध्ये एक्झॉस्टचं तापमान आणि काजळीचं प्रमाण दिसतं, त्यामुळे घराजवळ आलो आणि रीजन सुरू असेल तर वाढे फाट्यापर्यंत एक चक्कर मारून येतो. मधेच बंद केलं तर अर्धवट राहतं. असं वारंवार झालं तर जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसली तर हेच कारण असू शकतं.

काजळीचा आकडा प्रत्येक गाडीत सरसकट मिळेल असं नाही. तो कंपनीनुसार वेगळा विचारावा लागतो. कार स्कॅनरमध्ये आपल्या गाडीचं प्रोफाइल निवडा, त्यात असला तर दिसेल. नसला तर इतर खुणा बघा: उभ्या गाडीत आयडल नेहमीपेक्षा चढलेला, तात्कालिक मायलेज एकदम घसरलेलं, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरतोय.

---

मेघना_एन

लो एनर्जीवालं डोंगल घेतलं, लगेच जोडलं गेलं, आभार! आता नवा प्रश्न. माझी माइल्ड हायब्रिड आहे. चालवताना व्होल्टेज मधेच १२.७ ला येतो, ब्रेक लावला की १४ च्या वर जातो. अल्टरनेटर गेला का?

---

गॅरेज_मिरज

नाही ताई, ती गाडी तशीच आहे. जुन्या गाड्यांत इंजिन चालू असताना १३.५ ते १४.७ असा स्थिर व्होल्टेज असायचा. तुमच्या गाडीत वेग घेताना चार्जिंग कमी करतात, म्हणजे इंजिनवरचा भार हलका होतो, आणि पाय उचलला की जोरात चार्ज करतात. बॅटरीची तब्येत बघायची असेल तर रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सेल मारण्याआधी बघा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. आणि सेल मारताना किती खाली जातो ते बघा. दहाच्या खाली जायला लागला की पावसाळ्याआधी बॅटरी तपासून घ्या.

---

पॅकेट_पाहणारा

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर, डोंगल कायम लावून ठेवू नका. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा थेट पुरवठा असतो, चावी काढली तरी. समजा डोंगल ४० मिलिअँपिअर ओढतं. दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास झाला. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची. गाडीचा स्वतःचा खर्च वेगळा. तीन आठवडे गावाला गेलात तर परत आल्यावर धक्का मारावा लागेल. चांगली डोंगलं झोपी जातात, स्वस्त जात नाहीत.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. स्वस्त डोंगलचा पिन १२३४ नाहीतर ००००, आणि लो एनर्जीवाल्या कित्येकांना पिनच नसतो. म्हणजे पार्किंगमध्ये शेजारी उभा असलेला कुणीही जोडू शकतो. तो फक्त वाचेल असं धरून चालू नका. त्या सॉकेटातून गाडीच्या अंतर्गत नेटवर्कवर संदेश *सोडताही* येतात. २०१५ मध्ये सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी विमा कंपन्या देतात तसल्या एका डोंगलला नुसते मोबाइल मेसेज पाठवून कॉर्व्हेट गाडीचे ब्रेक लावून आणि बंद करून दाखवले होते. ते डोंगल सिमकार्डवालं होतं, पण रस्ता तोच, ओबीडीचं सॉकेट. नव्या गाड्यांत मध्ये गेटवे (संदेश तपासूनच पुढे सोडणारा भाग) असतो, तो बरंच अडवतो. जुन्यांत नाही.

आणि कृपा करून स्क्रीनशॉट टाकताना चासी नंबर खोडा. वर एका प्रतिसादात तो दिसत होता, संपादकांना कळवून काढायला लावला आहे.

---

कऱ्हाडकर

गॅरेज_मिरज यांना प्रश्न. २०१४ ची पेट्रोल सेडान, एमएएफ आहे (ॲपमध्ये ग्रॅम प्रति सेकंद दिसतंय). पिवळा दिवा, पी०१७१. आयडलला शॉर्ट +६, लाँग +१७. तुम्ही सांगितल्याप्रमाणे २५०० ला बघितलं, शॉर्ट ०, लाँग +५. सर्व्हिस सेंटरमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतात. फ्रीझ फ्रेममध्ये आरपीएम ७२०, वेग ०, कूलंट ९१. आणि हे सगळं ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोल) मुळे असेल का? आमच्या ग्रुपवर सगळे तेच म्हणतायत.

---

गॅरेज_मिरज

वा, असं गिऱ्हाईक रोज यावं. सेन्सरला हात लावू देऊ नका.

आधी ई२०. शुद्ध पेट्रोलचा एक किलो जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे इथेनॉल जेवढं जास्त तेवढं इंधन जास्त सोडावं लागणार. ई१० ला हे प्रमाण १४.१ च्या आसपास, ई२० ला १३.५. फरक साधारण चार टक्क्यांचा. तेव्हा ई१० धरून बनवलेल्या गाडीचा लाँग ट्रिम ई२० वर चारएक टक्के वर सरकला तर ते स्वाभाविक आहे. तुमचा २५०० चा +५ तिथूनच येत असणार. पण इंधनाचा परिणाम *सगळीकडे सारखा* दिसतो. आयडलला २३ आणि वर ५, हे इंधनाचं काम नाही. उभ्या गाडीत, गरम इंजिनला, आयडलवर कोड पडलाय. चोरटी हवा.

एअर फिल्टरच्या पुढे, एमएएफपासून इंजिनापर्यंतचा मोठा रबरी पाइप घड्यांमध्ये वाकवून बघा. वरून धड दिसतो, खालच्या घडीत चीर असते. मग पीसीव्हीचा (इंजिनाच्या आतल्या वाफा परत ओढून घेणारा) पाइप, जो टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डला जातो. दहा वर्षांत तो कडक होतो आणि कोपऱ्यात फुटतो. मग ब्रेक बूस्टरची नळी. काही लोक पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून बघायला सांगतात, गरम इंजिनवर ते करू नका, आग लागते. कुणाकडे स्मोक मशीन असेल तर पाच मिनिटांत कळेल.

---

जुना_चालक

आमच्या वेळी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कानाला लावून दुसरं टोक पाइपांवरून फिरवायचो. हवा ओढत असेल तिथे सुस्स आवाज स्पष्ट येतो. आजही चालेल. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवा, बाही वर करा.

---

डिझेल_सातारा

कऱ्हाडकर, ई२० ने मायलेज कमी होतं हे खरं, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच जवळपास एक तृतीयांश कमी. पण ॲपवरचं मायलेज त्यासाठी प्रमाण धरू नका. ते हवेच्या मापावरून काढलेला अंदाज असतो आणि त्यात इंधनाचं प्रमाण जुनंच धरलेलं असतं. टाकी फुल ते टाकी फुल हाच हिशेब खरा.

---

सायली_पुणे

एक विनंती सगळ्यांना. फोन होल्डरवर तबकड्या लावून लोक गाडी चालवताना आकडे बघत बसतात. अलार्म लावा आणि स्क्रीन बंद ठेवा. बहुतेक ॲप आकडे फाइलमध्ये साठवतात, घरी येऊन आलेख बघता येतो. जुन्या के-लाइन गाडीत तर सेकंदाला मोजकेच आकडे येतात, त्यामुळे साठवायला तीन-चारच निवडा, नाहीतर प्रत्येकाचा आलेख तुटक येतो.

---

कऱ्हाडकर

सापडलं! जुना_चालक काकांची ट्यूबची युक्ती केली. मोठा पाइप ठीक होता. पीसीव्हीचा पाइप मॅनिफोल्डच्या मागे जिथे वळतो तिथे आवाज आला. हात घालून दाबला तर इंजिनचा सूर बदलला आणि फोनवर शॉर्ट ट्रिम बघता बघता +६ वरून −११ ला गेला. बायको फोन धरून आकडे वाचत होती. पाइप बाहेर काढला तर कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी चीर, रबर हाताने मोडतंय.

नवा पाइप कऱ्हाडात मिळाला नाही, कोल्हापूरहून मागवलाय. तोवर काय करू? आणि आता कोड पुसू का?

---

गॅरेज_मिरज

झकास. ट्रिम उणे गेला ते बरोबरच आहे, लाँगमध्ये अजून जुनं +१७ बसलंय, ते शॉर्ट वजा करतोय. लाँग हळूहळू खाली येईल.

तोवर कोपऱ्यात घट्ट सेल्फ-बाँडिंग टेप गुंडाळा, साधी इन्सुलेशन टेप ऑइलच्या वाफेने सुटते. गावात चालवायला हरकत नाही. पाइपच्या दोन्ही टोकांच्या क्लिपही नव्या घ्या. पाइपसोबत पीसीव्हीचा व्हॉल्व्ह काढून हलवून बघा, आत खडखड वाजला पाहिजे. वाजला नाही तर तोही घ्या, फार महाग नसतो.

कोड आत्ता पुसू नका. नवा पाइप बसल्यावर पुसा, मग इंजिन पूर्ण गरम करून आयडल आणि २५०० चे आकडे पुन्हा घ्या आणि इथे टाका. आयडलला बेरीज सात-आठच्या आत आली तर काम झालं. पंधरावर अडकली तर ब्रेक बूस्टरची नळी बघायची राहिलीय.